मैदानाकडे पाठ

काही माणसं दूर गेली की चांगली वाटायला लागतात. काकांच्या बाबतीत माझं तसं काही झालेलं नाही. ते डल्लासजवळ प्लेनोला मुलाकडे राहतात, पंच्याहत्तरी ओलांडली आहे, तब्येत ठणठणीत आहे, आणि मला त्यांचा अजूनही राग येतो. तेवढाच माझा स्वतःचा येतो, आमच्या डायरेक्टरचा येतो, आणि त्या स्टेडियमचा तर इतका येतो की टीव्हीवर कुठल्याही कॉलेजचं फुटबॉल लागलं की मी चॅनेल बदलतो. बायको म्हणते, "अरे, या रागाचं काहीतरी कर." म्हणून लिहायला बसलोय. लिहून तो जाईल अशी आशा मला मुळीच नाही.

आम्ही दोघे टेक्सासमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या इमारती सांभाळणाऱ्या खात्यात इंजिनिअर होतो. ते सीनियर, मी त्यांच्या हाताखाली. गावाचं नाव सांगत नाही, आणि टीमचा रंग तर अजिबात सांगत नाही, कारण टेक्सासमध्ये रंग सांगणं म्हणजे घरचा पत्ता सांगणं. एवढं पुरे की त्या गावात देवळं, चर्च, शाळा, दवाखाने या सगळ्यांपेक्षा उंच असं एक स्टेडियम आहे. वर्षातून सहा-सात शनिवारी ते गच्च भरतं. एरवी नुसतं उन्हात तापत उभं असतं, आणि ते एरवीचं स्टेडियम काकांचं होतं.

भरलेल्या स्टेडियममध्येही ते असायचे, पण मैदानाकडे पाठ करून. हे मी अतिशयोक्ती करून सांगत नाही. मॅचच्या दिवशी हा माणूस अगदी खालच्या कठड्याशी उभा राहायचा, डोक्यावर कापडी टोपी, लांब बाह्यांचा पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी, पिशवीत फिरकीचा स्टीलचा तांब्या, आणि तोंड लोकांकडे. टचडाउन झाला की सगळं स्टेडियम उड्या मारायचं. काका तेव्हा मान वर करून वरच्या मजल्याची कड न्याहाळत उभे. दर पंधरा मिनिटांनी ते स्टँडच्या पोटाखाली जायचे, तिरप्या तुळयांना तळहात लावून डोळे मिटायचे आणि पुन्हा वर यायचे. नवे सिक्युरिटीवाले त्यांना आपल्यातलेच समजायचे. त्यांच्या तांब्यातलं पाणी मात्र गेटवर दर वर्षी कुणीतरी नवा पोऱ्या हुंगून बघायचा.

"काका, कोण जिंकलं?" मी सोमवारी मुद्दाम विचारायचो.

"अकरा नंबर हरला," ते म्हणायचे. "चौथ्या क्वार्टरला ठिबकायला लागला."

अकरा नंबर म्हणजे पश्चिमेच्या स्टँडमधला अकरावा जॉइंट. एवढं मोठं काँक्रीट उन्हात फुगतं, थंडीत आखडतं, म्हणून त्यात ठरावीक अंतरावर फट ठेवतात आणि ती रबरासारख्या पदार्थाने बुजवतात. तो पदार्थ काही वर्षांनी मरतो. मग पाणी आत शिरतं, आतल्या सळया गंजतात, गंज फुगतो आणि खालचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटतं. हे कुठल्याही इंजिनिअरिंगच्या पोराला माहीत असतं. काकांचं म्हणणं, माहीत असणं वेगळं आणि चैन न पडणं वेगळं. "पाणी आणि नातेवाईक," ते म्हणायचे, "आत शिरेपर्यंत बोलायचं असतं. नंतर बोलून उपयोग नाही."

नातेवाइकांचं त्यांना फार. अकरा नंबरचं नाव त्यांनी आत्याबाई ठेवलं होतं, कारण सदा डोळ्यांत पाणी. समोर पूर्वेला देणगीदारांसाठी काचेच्या खोल्यांचा नवा टॉवर उभा राहिला, तो जावई. "जावयाला दर दिवाळीला नवीन काहीतरी पाहिजे," ते भर मीटिंगमध्ये मला मराठीत सांगायचे. "या वर्षी काय, तर संगमरवरी बाथरूम. आणि आत्याबाई कोपऱ्यात रडत बसलीय. तिच्याकडे बघतो कोण?" डायरेक्टर हसून विचारायचा, हे काय म्हणाले? मी सांगायचो, ड्रेनेजबद्दल बोलतायत. माझी गुळमुळीत भाषांतरं तेव्हापासूनची आहेत.

त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे हातोडी. काँक्रीट ठोकायचं आणि ऐकायचं. चांगलं असेल तर टणटण वाजतं, सुटलेलं असेल तर बद्द. मशिनं आली, कॅमेरे आले, ड्रोन आले. काका प्रत्येक ओळीतून पायी चालत ठोकत जायचे. गोल्फ कार्टमध्ये बसायला सांगितलं की म्हणायचे, "काँक्रीट आपण होऊन बोलत नाही. त्याच्याकडे जाऊन विचारावं लागतं." पोकळ जागेला खडूने गोल करून आत मराठीत शेरा लिहायचे. 'लबाड.' 'गोडबोल्या.' 'याच्यावर विश्वास ठेवू नये.' कंत्राटदारांना वाटायचं, ही काहीतरी भारतीय मोजमापाची पद्धत आहे.

ही ठोकाठोकी त्यांना कुठे थांबवावी ते कळायचं नाही. आम्ही घर घेतलं तेव्हा सत्यनारायण घातला होता. गावातली झाडून सगळी मराठी मंडळी आलेली, डल्लासहून गुरुजी आणलेले. इकडे कथेचा तिसरा अध्याय चालू आणि तिकडे काका किचनमध्ये उकिडवे बसून बोटाच्या पेराने फरशी वाजवतायत. टक, टक, बद्द. आरतीच्या आधी सगळ्यांसमोर त्यांनी जाहीर केलं, "सिंकसमोरच्या तीन टाइल्स पोकळ आहेत. बिल्डरला बोलाव." माझ्या बायकोचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती म्हणाली, "काका, आज तरी नको हो." ते म्हणाले, "अगं, आज नाही तर कधी? वॉरंटी आजपासून सुरू झालीय ना?" पुढचं वर्षभर तिने त्यांना जेवायला बोलावलं नाही. फ्रिज सरकवताना त्यातली एक टाइल मधोमध तडकली, पण ते आम्ही दोघांनीही त्यांना कधी सांगितलं नाही.

लोक त्यांना हसायचे. ऑफिसमध्ये हसायचे आणि मंडळाच्या गणपतीतही हसायचे. "आले बघ, आता खांब वाजवणार," असं पोरंसुद्धा म्हणायची. मीही हसायचो. हसणाऱ्यांत असलं की आपण हसण्याचा विषय होत नाही, एवढी अक्कल मला आली होती.

न हसणारी एकच होती, रोझा. मॅचनंतर स्टेडियम धुणाऱ्या कंत्राटी बायकांची ती मुकादम. काकांचं आणि तिचं पहिलं बोलणं भांडणानेच झालं. रविवारी सकाळी या बायका प्रेशर वॉशरने ओळी धुवायच्या. सांडलेला कोक, चीज, बिअर, सगळं पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने खाली, म्हणजे थेट जॉइंटमध्ये. काकांनी तिच्या हातातली नळी धरली आणि ओरडले, "आग्वा, नो!" पाणी नको, एवढंच स्पॅनिश त्यांना येत होतं. ती म्हणाली, मग काय जिभेने चाटू? हे तिने स्पॅनिशमध्ये म्हटलं, पण हातवाऱ्यांवरून आम्हा सगळ्यांना कळलं. काका पुढच्या भारतवारीत दोन खराटे घेऊन आले, नारळाच्या हिरांचे, सुटकेसमध्ये आडवे घालून. कस्टम्सवाल्याला काय सांगितलं देव जाणे. रोझाने बाकांखाली खराटा फिरवून बघितला, मान डोलावली, आणि त्यानंतर पश्चिमेच्या स्टँडमध्ये आधी खराटा आणि मग मोजकं पाणी अशी पद्धत पडली. डायरेक्टरला वेळ जास्त लागतो म्हणून ते आवडत नव्हतं. रोझा मात्र ऑफिसवाल्यांपैकी फक्त काकांना नावाने हाक मारून विचारायची, आज कुठे गळतंय?

आता माझं. मी नागपूरचा. इथे एमएस केलं, या नोकरीला लागलो, ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा राहिलो. या देशात इंजिनिअर म्हणून स्वतःचा शिक्का मारायचा तर परवान्याची परीक्षा द्यावी लागते. पहिल्यांदा मी नापास झालो. काकांनी ते कुणाकडून तरी ऐकलं आणि हुकूम सोडला, "रविवारी नऊ वाजता घरी यायचं. उशीर झाला तर दार उघडणार नाही." काकू गेल्यापासून ते अपार्टमेंटमध्ये एकटे राहत. दीड वर्ष दर रविवारी मी त्यांच्या डायनिंग टेबलावर गणितं सोडवली. चुकलं की उदाहरणाखाली लिहायचे, 'माणसं मेली. पुन्हा कर.' बरोबर आलं तर काहीच लिहायचे नाहीत. शाबास हा शब्द त्या माणसाच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही. पास झालो तेव्हा माझ्या नावाचा रबरी शिक्का त्यांनीच करून आणला, देवासमोर ठेवला, हळदकुंकू लावलं आणि म्हणाले, "हा दगडावर मार, पण खोट्यावर मारू नको." त्या वर्षापासून गुरुपौर्णिमेला पेढे आणि नारळ घेऊन मी त्यांना नमस्कार करायला जायला लागलो. मनापासून जायचो, हे इथे लिहून ठेवतो.

मग एका उन्हाळ्यात नवा कोच आला. टीव्हीवाले हेलिकॉप्टरमधून स्टेडियम दाखवतात, तेव्हा आपलं काँक्रीट राखाडी आणि म्हातारं दिसतं, असं त्याचं म्हणणं. सगळा पश्चिमेचा स्टँड, वरून, खालून, तुळयांसकट, टीमच्या रंगात रंगवायचा असं ठरलं. चकचकीत, जाड, धुता येणारा रंग. पहिल्या मॅचच्या आत.

काकांनी मला घेतलं, लिफ्टच्या पाळण्यात चढवलं आणि अकरा नंबरच्या खाली नेलं. खाली मोकळी पडवी आहे, तिथे मॅचच्या दिवशी लिंबूसरबताची रांग लागते. हातोडी त्यांनी माझ्या हातात दिली. "ठोक." मी ठोकलं. बद्द. एक हात पुढे ठोकलं. बद्द. असं पाळणा सरकवत सरकवत आम्ही गेलो, आणि टणटण ऐकू यायला मला आख्ख्या खोलीएवढं अंतर जावं लागलं.

"आता यावर खालून रंग लावला तर काय होईल?" काकांनी विचारलं.

"पाणी वरून येत राहील आणि खालून वाळणार नाही."

"आणि?"

"आणि दिसणार नाही."

"बस. उतर खाली."

त्यांनी रिपोर्ट लिहिला. आमच्याकडे तीन शेरे असतात. 'इमिजिएट' म्हणजे जागा बंद करा आणि आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा. मधला एक. आणि 'मॉनिटर' म्हणजे लक्ष ठेवा, अर्थात विसरून जा. काकांनी इमिजिएट लिहिलं. वरचे जॉइंट उघडा, पोकळ काँक्रीट काढा, सळया साफ करा, मग खुशाल रंगवा. म्हणजे निम्मा पश्चिमेचा स्टँड अख्खा सीझन बंद.

शुक्रवारी डायरेक्टरने मला बोलावलं. हसतमुख माणूस, दाराशी येऊन हात मिळवणारा. "हे बघ, ही इज अ लेजंड," तो म्हणाला. "पण त्यांना प्रत्येक ठिकाणी डिझास्टर दिसतं. मला दुसऱ्या लायसन्स्ड इंजिनिअरचं मत हवंय. तुझंही लायसन्स आलंय ना आता? मला टीम प्लेयर लागतो. सीझनला वर काचेच्या बॉक्समध्ये ये, फॅमिलीला आण."

त्याने रिपोर्ट पुढे सरकवला. सगळा मजकूर काकांचा, फक्त शेरा बदललेला. मॉनिटर.

मी बायकोला सांगितलं की ग्रीन कार्डासाठी सही केली. ते खोटं नाही, पण खरंही नाही. नकार दिला असता तर डायरेक्टरने तोंड वाकडं केलं असतं, एवढंच. खरं हे की मला काकांची दुसरी आवृत्ती व्हायचं नव्हतं. लोक ज्याला हसतात त्याच्या शेजारी उभं राहून मी कंटाळलो होतो. मला त्या काचेच्या खोलीत बसायचं होतं. चांगल्या खुर्चीत, हातात ग्लास, पाठीवर थाप मारणारे चार लोक, आणि तोंड मैदानाकडे. तोवर आमचे सगळे कागद काकांच्या शिक्क्याने जायचे; माझ्या शिक्क्याचा पहिला ठसा मी त्या कागदावर उमटवला.

आणि रविवारी गुरुपौर्णिमा होती.

न जाण्याचं धैर्य मला झालं नाही, आणि सांगण्याचंही. असा भेकडपणा फक्त आपल्याकडे होतो. दुसऱ्या कुणी फोन टाळला असता, ईमेल पाठवली असती. मी नारळ घेतला, पेढे घेतले, आणि ज्या माणसाचं म्हणणं दोन दिवसांपूर्वी खोडलं होतं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला. शिरा केला होता, गुठळ्या झालेला. तो खाताना म्हणाले, "उद्या डायरेक्टरकडे जायचंय. तू बरोबर चल. दोघे असलो की ऐकतील."

"हो काका," मी म्हटलं. वर आणखी थोडा शिरा मागून घेतला.

सोमवारी सकाळी रंगाऱ्यांची लिफ्ट अकरा नंबरखाली उभी होती. साडेनऊला काका माझ्या टेबलाशी आले, हातात माझ्या शिक्क्याचा रिपोर्ट. मला वाटलं, आता हा माणूस ऑफिस डोक्यावर घेणार. फरशी वाजवताना ओरडणाऱ्या माणसाला त्या दिवशी आवाजच नव्हता.

"काल नमस्कार करायला आलास, तेव्हा सही झाली होती?"

"काका, ऐका ना, मी..."

"झाली होती का?"

"हो."

"मग तो नमस्कार मला नको. परत घे."

आणि ते खाली वाकले. माझ्या काही लक्षात यायच्या आत त्या म्हाताऱ्या माणसाने माझ्या बुटांना दोन्ही हात लावले, ते कपाळाला लावले, आणि गुडघ्यावर जोर देत उठले. मी खुर्चीतून उठूही शकलो नाही. वडलांच्या वयाच्या माणसाने आपल्या पायांना हात लावणं म्हणजे काय, हे त्या मजल्यावर आम्हा दोघांनाच कळत होतं. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "डिड ही ड्रॉप समथिंग?" मी म्हटलं, "नो, नथिंग." काका तोवर लिफ्टपाशी पोचले होते. दुपारी त्यांचा राजीनामा आला, आणि महिन्याभरात ते प्लेनोला मुलाकडे राहायला गेले.

राग मला इथेही आला. मी म्हटलं, हा काय तमाशा? भांडा, शिव्या द्या, वरच्यांकडे तक्रार करा. लोकांसमोर असा अपमान? अपमान कुणी कुणाचा केला याचा हिशेब मी तेव्हा सोयीने मांडत होतो.

पहिली मॅच. मी काचेच्या खोलीत, नवा शर्ट, शेजारी डायरेक्टर. समोर पश्चिमेचा स्टँड असा झळाळत होता की कोच खूष, टीव्हीवाले खूष. दुसऱ्या क्वार्टरला डायरेक्टरचा फोन वाजला. त्याने ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला. "युवर मॅन."

काकांनी तिकीट काढलं होतं. ज्याने आयुष्यात एक मॅच पाहिली नाही त्या माणसाने प्लेनोहून गाडी चालवत येऊन तिकीट काढलं होतं, आणि ते अकरा नंबरच्या खाली सरबताच्या रांगेसमोर छत्री आडवी धरून उभे होते. कुणाला तिथे थांबू देत नव्हते. "मूव्ह! नॉट हिअर! देअर!" असं ओरडत होते. लोक त्यांचे व्हिडिओ काढत होते.

सिक्युरिटीवाल्याने फोनवर मला विचारलं, "सर, तुम्ही यांना ओळखता का?"

मी म्हटलं, "हो. आमच्याकडे होते. वय झालंय. बायको गेल्यापासून जरा कन्फ्यूज्ड असतात. प्लीज, हळू बाहेर न्या."

डायरेक्टरने माझ्या दंडावर थोपटलं. मी काचेतून बघितलं, पण तिथून खालची पडवी दिसत नाही. वरून फक्त खेळ दिसावा, असंच ते डिझाइन आहे. काकांना कसं नेलं, धरून नेलं की चालत गेले, ते मला कधी कळलं नाही. त्यांना स्टेडियमची कायमची बंदी झाली.

सीझन संपला. काही पडलं नाही. ख्रिसमस पार्टीत डायरेक्टर ग्लास उंचावून म्हणाला, "इट्स स्टिल स्टँडिंग!" आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. मी हसलो.

मे महिन्यात पदवीदानाच्या तयारीसाठी स्टेडियम धुवायला काढलं. काका नव्हते, त्यामुळे खराट्याची पद्धत केव्हाच बंद झाली होती, आणि पुन्हा नळ्याच चालू होत्या. दोन दिवस पाण्याचा मारा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास रोझा अकरा नंबरखाली नळी गुंडाळत होती. वरून पाटाएवढा तुकडा आला. डोक्यावर आला नाही, उजव्या खांद्यावर आला.

मी गेलो तेव्हा तिला नेलेलं होतं. नळी तशीच पडली होती आणि तिच्यातलं उरलेलं पाणी अजून ठिबकत होतं. तुकडा उचलायला दोन माणसं लागली. एका बाजूला गंज, काळा, ओला, हाताला लागणारा. दुसऱ्या बाजूला टीमचा रंग, एक चरा नाही.

रोझाचा खांदा दोनदा ऑपरेशन करून बसवला. हात खांद्याच्या वर जात नाही. झाडणं, घासणं, नळी ओढणं, ज्यावर तिचं घर चालत होतं ते सगळं संपलं. युनिव्हर्सिटी म्हणाली, ती आमची माणूस नाही, कंत्राटदाराची. कंत्राटदार म्हणाला, स्लॅब आमचा नाही. रोझाने वकील केला. तिच्या वकिलाने सगळे रिपोर्ट मागवले, आणि त्यात काकांचा मूळचा निघाला. इमिजिएट.

मग युनिव्हर्सिटीच्या वकीलबाई माझ्याकडे आल्या. हुशार, शांत बाई. त्यांच्या फायलीत सिक्युरिटीची त्या मॅचची नोंद होती, आणि त्यात माझं वाक्य शब्दशः. वय झालंय. कन्फ्यूज्ड असतात.

"म्हणजे त्या काळात त्यांच्या जजमेंटवर अवलंबून राहता येत नव्हतं, हे तुमचं प्रामाणिक मत होतं," त्या म्हणाल्या. "जबानीत एवढंच कन्फर्म करायचंय. एकच वाक्य आहे."

मी त्या वाक्याकडे बघत बसलो. मी ते कशासाठी बोललो होतो? खोलीतल्या चार लोकांसमोर लाज वाटू नये म्हणून. आता त्याच्यावर एका बाईचा खांदा तोलून धरला होता. आधी माणसाला वेडा ठरवायचं, मग त्याने खरं लिहिलं म्हणून ते वेड्याचं लिहिणं ठरवायचं. केवढी सोय! आणि ही सोय मीच करून दिलेली. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, काचेच्या खोलीसकट. ती म्हणाली, "तो शिरा तू मागून घेतलास?" बाकी काही नाही, तेवढंच तिच्या डोक्यात बसलं.

जबानीच्या दिवशी लांबलचक टेबल होतं. एका बाजूला युनिव्हर्सिटीचे लोक, दुसऱ्या बाजूला रोझा, हात झोळीत. तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. शपथ झाली. प्रश्न आला.

मी म्हटलं, "नाही. तो माणूस मला भेटलेल्या सगळ्या माणसांत सगळ्यात कमी कन्फ्यूज्ड आहे. मी त्या दिवशी खोटं बोललो. काँक्रीट पोकळ होतं हे मला माहीत होतं, कारण हातोडी माझ्या हातात होती. त्यांनी लिहिलेला शेरा बरोबर होता. तो बदलून आला, आणि मी त्यावर माझा शिक्का मारला."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. सगळं मिळून दीड-दोन मिनिटं लागली असतील. खोलीत कुणी ओरडलं नाही, कुणी उठलं नाही.

पुढचं पटापट झालं. महिन्याच्या आत नोकरी गेली, 'पुनर्रचने'त. लायसन्सवर बोर्डाची चौकशी बसली, आणि बसायलाच हवी होती. ग्रीन कार्डाची फाइल दुसऱ्या कंपनीकडून चालवायला घेतली. रोझाबरोबर युनिव्हर्सिटीने समझोता केला. तिचा हात वर जाण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

हे सगळं झाल्यावर मी काकांना फोन केला. दोन वर्षांत पहिल्यांदा. मुलाने उचलला, "हँग ऑन" म्हणाला, आणि काका आले. मी सगळं सांगितलं. तुकडा, रोझा, वकीलबाई, टेबल, मी काय बोललो ते शब्द न् शब्द. नोकरी गेल्याचं जरा जास्तच खुलवून सांगितलं. खोटं कशाला बोलू, मी वाट बघत होतो. एवढं सगळं गमावून खरं बोललेल्या माणसाला काहीतरी ऐकायला मिळतं, अशी माझी समजूत होती.

माझं संपल्यावर काकांनी विचारलं, "बोलायला किती वेळ लागला?"

"दोन मिनिटं," मी म्हटलं.

"दोन मिनिटं," ते म्हणाले, आणि मग तो जुना, ऑफिस हलवणारा आवाज लागला. "अरे, दोनच मिनिटांचं काम होतं, तर तिचा खांदा मोडायच्या आधी का नाही केलंस?"

आणि फोन ठेवला.